गजकर्णाचे मलम आणि पायावरची सूज



औषधाच्या खोक्यातून बाटली किंवा ट्यूब बाहेर काढली की तळाशी पुष्कळदा एक पातळ कागद उरतो. आठदहा घड्या घातलेला, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला. बहुतेक घरांत तो खोक्याबरोबर केरात जातो. पण एखाद्या घरात एखादी चौकस मुलगी तो उलगडते, भिंग घेऊन दुष्परिणामांची यादी वाचू लागते, आणि मग “आई, हे औषध लावू नकोस!” अशी आरोळी उठते.

त्या मुलीचे मला कौतुक वाटते. कागद केरात टाकणाऱ्यांपेक्षा ती नक्कीच चार पावले पुढे आहे. पण यादी वाचणे निराळे आणि यादीचा अर्थ लावणे निराळे. आज मी तुमच्याशी या अर्थ लावण्याविषयी थोडा वाद घालणार आहे. त्यासाठी एकच उदाहरण घेऊ.

ल्युलिकोनॅझोल नावाचे एक औषध आहे. गजकर्ण, नायटा, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत होणारी बुरशी यांवर ते मलमाच्या रूपात लावतात. ते मूळचे जपानचे; तेथे २००५ साली त्याला परवानगी मिळाली. अमेरिकेत ते २०१३ साली आले. आपल्या देशातही आता ते भरपूर खपते. या मलमाच्या अमेरिकन माहितीपत्रकात, औषध बाजारात आल्यानंतर लोकांनी कळवलेले त्रास म्हणून जे दिले आहेत, त्यांत एक नाव आहे सेल्युलायटिस.

सेल्युलायटिस म्हणजे त्वचेच्या खोल थरांत जिवाणू शिरून झालेला संसर्ग. बहुधा पायावर होतो. पाय लालभडक होतो, गरम लागतो, ठणकतो, सुजतो. थंडी वाजून ताप येतो, जांघेत अवधाण येते. वेळीच प्रतिजैविक औषध मिळाले नाही तर जंतू रक्तात शिरून जिवावर बेतू शकते. म्हणजे हा काही खाज सुटण्यासारखा किरकोळ त्रास नव्हे.

आता बघा गंमत. मलम कशासाठी? त्वचेचा रोग बरा व्हावा म्हणून. आणि कळवलेला दुष्परिणाम कोणता? त्वचेचाच, आणि पहिल्यापेक्षा भयंकर रोग! “करायला गेलो गणपती आणि झाला मारुती” असेच कोणालाही वाटेल. पण थांबा. न्यायालयात आरोपीला पिंजऱ्यात उभे केले म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही. साक्षी-पुरावा तपासावा लागतो. तो आपण तपासू या.

पहिला प्रश्न असा की, बुरशीचे औषध जिवाणूंना जन्म देईल किंवा वाढवील, हे संभवते तरी का?

बुरशी आणि जिवाणू यांना आपण बोलताना सरसकट ‘जंतू’ म्हणतो, पण त्यांच्यात अंतर फार मोठे आहे. इतके की, शरीररचनेच्या दृष्टीने बुरशी ही जिवाणूंपेक्षा तुम्हाआम्हाला जवळची आहे! तिच्या पेशीत केंद्रक असते, जिवाणूच्या पेशीत नसते. बुरशीच्या पेशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. ल्युलिकोनॅझोल आणि त्याची भावंडे नेमकी हा पदार्थ तयार होण्याची वाट अडवतात. विटा असून चुना मिळाला नाही तर भिंतीची जी गत होईल ती बुरशीच्या पेशीची होते. जिवाणूंच्या पटलात एर्गोस्टेरॉल नसतेच. त्यामुळे या औषधाचा मुख्य बाण त्यांच्या अंगावरून निघून जातो. त्याच कुळातील क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल यांसारखी काही औषधे तर काही जिवाणूंना थोडाफार उपद्रवच देतात. म्हणजे औषध जिवाणूंचे पोषण करते असे मानायला आधार नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. जिवाणू बुरशीविरुद्ध आणि बुरशी जिवाणूंविरुद्ध रसायने तयार करतात, आणि आपण माणसे ती रसायने चोरून औषधे बनवतो. पेनिसिलीन हे बुरशीने जिवाणूंवर सोडलेले अस्त्र, हे तुम्हाला ठाऊक आहे. याच्या उलट उदाहरण आपल्या पुण्याजवळच घडले. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या कारखान्यात १९६० च्या सुमारास डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या एका जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळवले. त्या जिवाणूचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. शास्त्रीय नावातच पिंपरी! पहिल्या पावसानंतर मातीचा जो वास दरवळतो तोही याच स्ट्रेप्टोमायसिस कुळाच्या कृपेने.

हे युद्ध मातीत चालते तसे तुमच्या पायाच्या बोटांच्या बेचकीतही चालते. आणि आपल्या खटल्यातील सगळ्यांत महत्त्वाचा पुरावा त्या बेचकीतच दडलेला आहे.

कोकणात, मावळात भातलावणीच्या दिवसांत माणसे सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखलात उभी असतात. मग पायाच्या बोटांमध्ये चिखल्या होतात. कातडी पांढरी, लिबलिबीत होते, तिला भेगा पडतात, आग होते. शहरातही दिवसभर ओले बूट आणि नायलॉनचे मोजे घालून वावरणाऱ्यांची हीच गत होते. कातडी अशी भिजून मऊ पडली की गजकर्णाच्या जातीची बुरशी तेथे आनंदाने घर करते. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात केराटिन नावाचे प्रथिन असते, केसांत आणि नखांत असते तेच. ही बुरशी ते केराटिन खाऊन जगते. म्हणजे आपल्या घराच्या भिंतीलाच वाळवी लागली म्हणा ना.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील लेडन आणि क्लिगमन या दोघांनी १९७८ साली बोटांच्या बेचकीतील या रोगावर एक संशोधन प्रसिद्ध केले. (क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या तुरुंगातील कैद्यांवर जे प्रयोग केले त्यांची पुढे कठोर निंदा झाली आणि ती योग्यच होती, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) त्यांना आढळले ते असे: सुरुवातीला बेचकीत बुरशी असते, कोरडे पापुद्रे असतात, त्रास थोडा असतो. बुरशीने वरचा थर पोखरला आणि जागा ओली राहिली की नेहमी तेथे गुण्यागोविंदाने राहणारे जिवाणू भराभर वाढू लागतात. मग दुर्गंधी, ओल, वेदना. आणि जिवाणू जसजसे वाढत जातात तसतशी बुरशी त्या जागी सापडेनाशी होते! चोराने कुलूप फोडले, मागून दरोडेखोर आत शिरले, आणि पंचनाम्याच्या वेळी चोर जागेवर नाही, असा हा प्रकार.

त्या फुटलेल्या दारातून स्ट्रेप्टोकॉकस नावाचे, मण्यांच्या माळेसारखे दिसणारे जिवाणू खोल उतरले की पायावर सेल्युलायटिस होतो. म्हणून ज्याला हा रोग पुन्हा पुन्हा होतो त्याच्या पोटरीवर सूज असली तरी अनुभवी डॉक्टर आधी त्याची पायाची बोटे फाकवून पाहतात. तेथे बुरशी आढळली तर तिच्यावर औषध देतात. कोणते औषध? अर्थातच बुरशीनाशक मलम!

आता आरोपपत्र पुन्हा वाचा. ज्या मलमावर सेल्युलायटिसचा आरोप आहे, त्या जातीचे मलम डॉक्टर सेल्युलायटिस पुन्हा होऊ नये म्हणून देतात. मग ते मलम वापरणारी माणसे कोण? ज्यांची कातडी आधीच फुटलेली आहे तीच. त्यांच्यापैकी काहींना पायाचा संसर्ग होणारच होता, मलम लावले असते तरी आणि नसते तरी. पावसाळ्याच्या दिवशी रस्त्यावर छत्र्या पुष्कळ दिसतात आणि त्याच दिवशी लोकांचे पायही भिजतात. म्हणून छत्रीने पाय भिजतात असे कोणी म्हणत नाही. कारण छत्री आणि भिजलेले पाय या दोहोंच्या मागे उभा असलेला पाऊस आपल्याला डोळ्यांनी दिसतो. औषधाच्या बाबतीत मागचा पाऊस म्हणजे मूळ रोग. तो लक्षात घ्यायला आपण विसरतो. आपल्या पूर्वजांनी अशा चुकीला ‘काकतालीय न्याय’ असे नाव देऊन ठेवले आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली म्हणजे फांदी कावळ्यानेच तोडली असे होत नाही.

त्या माहितीपत्रकातही हा खुलासा केलेला आहे. तो बहुतेक वाचक वगळतात. या नोंदी लोकांनी आपणहून कळवलेल्या आहेत, औषध वापरणाऱ्यांची एकूण संख्या निश्चित माहीत नाही, त्यामुळे हे त्रास किती जणांमागे एकाला होतात आणि ते औषधामुळेच होतात की कसे हे दर वेळी खात्रीने सांगता येत नाही, अशा आशयाचे ते वाक्य आहे. हा खुलासा म्हणजे कंपनीने झटकलेले हात आहेत असे काहीजण म्हणतात. मला तसे वाटत नाही. ‘कळवले गेले’ आणि ‘सिद्ध झाले’ या दोन क्रियापदांत जमीनअस्मानाचे अंतर आहे आणि ते वाक्य ते अंतर प्रामाणिकपणे दाखवते.

तुम्ही म्हणाल, “म्हणजे औषध निर्दोष सुटले तर!” छे, छे! मी तसे म्हटलेलेच नाही.

औषधाने जिवाणूंना वाट करून देण्याचे काही खरेखुरे मार्ग आहेत. एखाद्याच्या त्वचेला मलम मानवत नाही. तेथे लाली येते, खाज सुटते, माणूस कराकरा खाजवतो, नखाने कातडी सोलली जाते आणि जिवाणूंना आयते दार मिळते. तोंडाने घ्यायच्या टर्बिनाफिन या औषधाने क्वचित एखाद्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झाल्याची उदाहरणे आहेत. फ्लुसायटोसिन या दुसऱ्या औषधाने अस्थिमज्जेवर दाब येतो. पांढऱ्या पेशी म्हणजे आपले शिपाई. तेच कमी झाले की जिवाणूंचे फावते. रुग्णालयात गंभीर बुरशीरोगावर जी औषधे शिरेतून देतात, तेथे सुई खुपसलेल्या जागेतूनही जिवाणू शिरू शकतात. यांतली कोणतीही वाट अशक्य नाही. म्हणून ‘कळवले गेले’ याचा अर्थ ‘खोटे आहे’ असाही होत नाही.

आणि कळवलेल्या गोष्टीकडे दुर्लक्ष केले तर काय होते याचा धडा जगाने एकदा फार महागात घेतला आहे. पश्चिम जर्मनीत १९५७ साली थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे औषध विक्रीस आले. गरोदर स्त्रियांनाही ते मळमळीवर देत. मग हातपाय नसलेली, खुरटलेल्या हातांची मुले जन्मू लागली. १९६१ साली जर्मनीत विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड या दोन डॉक्टरांनी, एकमेकांपासून हजारो मैलांवर असताना, आपला संशय बोलून दाखवला. मॅकब्राइडचे ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातील पत्र अवघ्या काही ओळींचे होते. त्याही वेळी तो निव्वळ ‘कळवलेला’ त्रासच होता! औषध बाजारातून काढून घेईपर्यंत जगभर दहा हजारांच्या आसपास मुलांचे नुकसान होऊन गेले होते असा अंदाज आहे.

या घटनेनंतर जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली दहा देशांना घेऊन औषधांचे दुष्परिणाम नोंदवण्याची योजना सुरू केली. १९७८ पासून तिचे काम स्वीडनमधील उप्साला या गावी चालते. भारत या योजनेत १९९८ साली सामील झाला. आपला स्वतःचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी त्याचे मुख्य केंद्र दिल्लीहून गाझियाबादला, भारतीय औषधिकोशाचे काम करणाऱ्या आयोगाकडे गेले.

तेव्हा संशय नोंदवायचा, पण नोंद झाली म्हणून निकाल द्यायचा नाही. निकाल कसा देतात? गणिताने. समजा, बोटांच्या बेचकीत बुरशी झालेली एक लाख माणसे आहेत. ती सगळी मलम लावतात आणि महिन्याभरात त्यांच्यापैकी २० जणांना पायाचा संसर्ग होतो. (हे आकडे मी केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.) वीस जण! भयंकर वाटते ना? पण या वीस आकड्याला एकट्याने काहीच अर्थ नाही. तशाच दुसऱ्या एक लाख माणसांना औषध न घातलेले, नुसते पांढरे मलम लावायला द्या. त्यांच्यातही २० जणांना संसर्ग झाला तर औषध निरपराध. त्यांच्यात ५ जणांनाच झाला तर औषधावर दाट संशय. आणि त्यांच्यात ५० जणांना झाला तर? तर औषधाने ३० माणसे वाचवली! पहिला आकडा तिन्ही वेळा तोच आहे, वीस. निकाल मात्र तीन वेळा तीन वेगळे. वर्तमानपत्रात “अमुक औषध घेतल्यावर इतक्यांना त्रास” अशी बातमी दिसली की दुसरा आकडा कोठे आहे ते शोधायची सवय लावा. बहुधा तो नसतो.

आता मघाच्या त्या युद्धाकडे वळू. तुमच्यापैकी एखादा हुशार विद्यार्थी अशी शंका काढील: बुरशी जर जिवाणूंना मारणारी रसायने सोडते, तर औषधाने बुरशी मारल्यावर जिवाणूंना रान मोकळे मिळणार नाही का? शंका उत्तम आहे. गजकर्णाच्या जातीच्या काही बुरश्या पेनिसिलीनसारखी द्रव्ये खरोखरच तयार करतात. पण याचे परिणाम पाहायला आपल्याला एका काटेरी प्राण्याकडे जावे लागेल.

युरोपात हेजहॉग नावाचा प्राणी असतो. पाठीवर काटे, आकार दोन मुठींएवढा, भ्यायला की चेंडूसारखा गोल होतो. (आपल्या साळिंदराचा तो नातेवाईक नव्हे, काटे आहेत एवढेच साम्य.) इंग्रज वसाहतवाल्यांनी तो एकोणिसाव्या शतकात न्यूझीलंडला नेला. तेथील ओटागो विद्यापीठातील मेरी मार्पल्स या त्वचेवरील सूक्ष्मजीवांचा अभ्यास करीत. त्वचा म्हणजे जंगलासारखी एक वसलेली सृष्टीच आहे, असे त्या मानीत. त्यांनी आणि स्मिथ या सहकाऱ्याने १९६४ साली कळवले की, हेजहॉगच्या अंगावर पेनिसिलीनला दाद न देणारे स्टॅफिलोकॉकस जिवाणू आढळतात. रानातल्या हेजहॉगला पेनिसिलीनचे इंजेक्शन कोण देणार? पण त्याच्या कातडीवर गजकर्णाच्या जातीची एक बुरशी राहते, ती पेनिसिलीन तयार करते!

या कोड्याचा उरलेला भाग जुळायला आणखी अठ्ठावन्न वर्षे लागली. २०२२ च्या जानेवारीत ‘नेचर’ या नियतकालिकात अनेक देशांच्या शास्त्रज्ञांचा शोधनिबंध आला. स्टॅफिलोकॉकसची एक औषधांना न जुमानणारी जात डेन्मार्क आणि स्वीडनमधील हेजहॉगांवर मोठ्या प्रमाणात सापडत होती. तिच्या जनुकांतील बदल मोजून या शास्त्रज्ञांनी तिचे वय काढले. ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळातली निघाली. फ्लेमिंगला पेनिसिलीन सापडले १९२८ साली. म्हणजे माणसाने औषध शोधण्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे हेजहॉगच्या पाठीवर त्या औषधाला पुरून उरणारे जिवाणू तयार होते, आणि त्यांना तालीम दिली होती बुरशीने.

यातून आपल्या शंकेला उत्तर मिळते का? पूर्ण नाही, पण दिशा मिळते. बुरशी म्हणजे जिवाणूंना दूर ठेवणारा इमानी पहारेकरी, असे समजण्यात अर्थ नाही. तिच्या सहवासात दुबळे जिवाणू मरतात आणि बळकट उरतात. लेडन-क्लिगमन यांनाही माणसाच्या बेचकीत हेच दिसले होते. शिवाय ती दार फोडते ते वेगळेच. असला पहारेकरी कामावरून काढला म्हणून हळहळण्याचे कारण मला दिसत नाही.

येथवर मी मलमाचे वकीलपत्र घेतल्यासारखे बोललो. आता फिर्यादीच्या बाजूने बोलतो, कारण आपल्या देशात खरा गुन्हेगार मोकळा फिरतो आहे आणि तो बुरशीनाशक औषधाच्या शेजारीच, त्याच ट्यूबमध्ये बसलेला असतो.

दुकानात जाऊन “नायट्यावर काहीतरी द्या” म्हटले की पुष्कळदा जे मलम हातात पडते त्यात एक नव्हे, तीनचार औषधे असतात. एक बुरशीवर, एक जिवाणूंवर आणि एक स्टेरॉइड. स्टेरॉइडची करामत अशी की दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते. माणूस खूश! पण लाली आणि खाज ही काय असते? आपल्या शरीराने शत्रूविरुद्ध चालवलेल्या लढाईची धूळ असते ती. स्टेरॉइड शत्रूला मारत नाही, आपल्या सैनिकांना झोपवते. धूळ बसते, लढाई संपलेली नसते. बुरशी आतल्या आत पसरते, तिचे ते ओळखीचे गोल कडे पुसट होते आणि पुढे डॉक्टरांनाही रोग ओळखता येईना असे होते. अशा वेषांतर केलेल्या गजकर्णाला आइव्ह आणि मार्क्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९६८ सालीच नाव दिले होते. स्टेरॉइड बरेच दिवस चोळले की कातडी कागदासारखी पातळ होते, केसांच्या मुळाशी पुवाचे फोड उठतात. बुरशीच्या औषधाने जिवाणूंचा रोग झाला असे लोक सांगतात, तेव्हा ट्यूबवरची सर्व नावे वाचली होती का, हा पहिला प्रश्न विचारला पाहिजे.

२०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइडांची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. त्याच वर्षी सप्टेंबरात ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यांत असली काही मलमेही होती. नियम चांगले आहेत. पण चिठ्ठी न मागणारा दुकानदार आणि चिठ्ठी न दाखवणारे गिऱ्हाईक यांची जोडी जमली की नियम कागदावर राहतो. दरम्यान बुरशीही शहाणी झाली. टर्बिनाफिनला सहजी दाद न देणारी एक जात २०२० साली जपानी शास्त्रज्ञांनी वर्णिली. ज्या रुग्णांकडून ती मिळाली ते भारतातले व नेपाळातले होते, म्हणून तिचे नावच पडले ट्रायकोफायटन इंडोटिनी. पिंपरीचे नाव औषध देणाऱ्या जिवाणूला मिळाले याचा अभिमान वाटतो. हे दुसरे नाव मात्र अभिमानाचे नाही. स्टेरॉइडमिश्रित मलमांचा बेसुमार वापर हे यामागचे एक कारण असावे, असे पुष्कळ त्वचारोगतज्ज्ञ मानतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे नाही की अमुक मलम चांगले आणि तमुक वाईट. ते डॉक्टरांनी ठरवावे. पण तुमच्यापैकी पुष्कळजण बारा ते सोळा वर्षांचे आहात. जांघेत, काखेत, कमरेला गजकर्ण होण्याचे हेच वय. सांगायची लाज वाटते म्हणून मित्राची अर्धी ट्यूब गुपचूप वापरली जाते आणि मित्राला ती त्याच्या चुलतभावाने दिलेली असते. या लाजेपायी रोग सहा सहा महिने रेंगाळतो. गजकर्ण हा बुरशीचा रोग आहे, चारित्र्याचा नव्हे. आईला सांगा, वडिलांना सांगा, डॉक्टरांपुढे सदरा वर करायला मुळीच लाजू नका. आणि टॉवेल, अंतर्वस्त्रे ही मात्र कोणाबरोबर वाटून घेऊ नका.

घरात कोणाच्या पायावर लाली आणि सूज आली, ती जागा गरम लागली, ताप भरला, तर मलमाचा दोष की बुरशीचा हा वाद नंतर घालावा. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढून ठेवली तर ती रेघ ओलांडून पुढे सरकते आहे का हे कळते. डॉक्टरही असे करतात.

सरकारकडेही माझी एक मागणी आहे. माहितीपत्रक रुग्णाला समजेल अशा भाषेत आणि वाचता येईल अशा टायपात असावे. दुष्परिणाम कळवण्यासाठी रुग्णाने स्वतः भरायचा नमुना मराठीतही काढलेला आहे. मग औषधाबरोबरचा कागद मराठीत का नको? आणि त्या कागदात ‘कळवले गेलेले’ आणि ‘सिद्ध झालेले’ असे दोन रकाने स्वतंत्र, ठळक असावेत. आज ते वेगळेपण एखाद्या वाक्यात लपलेले असते.

तो कळवण्याचा नमुना मिळाला तर जरूर पाहा. औषध कोणत्या तारखेला सुरू केले, त्रास कोणत्या तारखेला सुरू झाला, औषध थांबवल्यावर तो कमी झाला का, पुन्हा घेतल्यावर पुन्हा झाला का, असे प्रश्न डॉक्टरांच्या नमुन्यात असतात. खटल्याची उलटतपासणीच ती. त्यात त्याच सुमारास घेतलेल्या इतर औषधांसाठी वेगळी जागा ठेवलेली आहे, आणि आपल्या मनाने घेतलेली औषधे व झाडपाल्याची औषधेसुद्धा तेथे लिहावीत अशी सूचना आहे. मित्राच्या चुलतभावाची ती अर्धी ट्यूब तेथे लिहायची. तुम्ही सांगितल्याशिवाय डॉक्टरांना ती जागा भरता येत नाही.